धाब्यावर नेलं नाही तुले

वच्छे, इकडे ये. अशी लांब भिंतीले टेकून नको, माझ्या गुडघ्याशी बस अन् मान खाली घालून ऐक. आज तुले रागवायचं आहे. नणंद असलीस म्हणून काय झालं, वयानं मी मोठी. तू दहा वर्षांची होतीस तेव्हा मी लगीन होऊन या घरात आले. तुझ्या वेण्या घातल्या, उवा काढल्या, परकराच्या नाड्या ओवल्या. एवढं करून मी इथं बसलेली अन् तू पुढं निघून गेलीस, हे कोणत्या रीतीत बसते? सकाळचा चहा घेऊन अंगणात बसलीस अन् बसल्या जागी मान टाकलीस म्हणे. तुझी मीना फोनवर सांगत होती, "मामी, आईनं कोणाले तांब्याभर पाणीबी मागितलं नाही." ऐकून मले रडू आलं अन् रागही आला. जन्मभर तू तेच केलंस. मागायचं काही नाही, अन् समोरच्यानं आपणहून ओळखावं अशी वाट पाहत बसायचं. माझ्यासारख्या ठोंब्या बाईशी गाठ पडल्यावर असं चालते काय वं?

मेलेल्या लेकीले माहेरचं लुगडं लागते. माझ्या गजूनं दुसरबीडच्या फाट्यावर गाडी थांबवून दुकानदाराले शटर वर करायले लावलं. मी हिरवं निवडलं. तो म्हणे, "काकू, दुसरे रंग दाखवू काय? हा जरा भडक आहे." मी म्हटलं, "तिले भडकच आवडते." गाडीत बसल्यावर ध्यानात आलं, सात वर्षांत माहेराहून तुले मिळणारं हे पहिलं वस्त्र. तू घडी मोडून काठ पाहिला नाहीस, नाक मुरडलं नाहीस, "वैनी, तुले कापडातलं काही कळत नाही" असं म्हटलं नाहीस. बायांनी ते तुझ्या अंगावर पसरलं अन् झालं.

तेरवीले आता आठ दिवस झाले. घरात करमत नाही म्हणून वही घेऊन बसले आहे.

इथं सगळं तसंच आहे. दगडी वेस, आतली फरसबंद गल्ली, खाली पायऱ्यांची बारव, अन् दोन्ही हातांले धाब्याची घरं. शनिवारी-रविवारी लोणारचं सरोवर पाहून परतणारे लोक वळण घेऊन आपलं गाव पाहायले येतात. मग मीच त्यांच्यापुढे उभी राहते अन् सांगते, धाबं म्हणजे काय. खाली लाकडी सरे, म्हणजे आडव्या तुळया, त्यावर काड्या, त्यावर पानं, अन् सगळ्यात वर हातभर माती दाबून केलेलं सपाट छत. उन्हाळ्यात घर माठासारखं थंड. शहरातल्या बाया भिंतीले हात लावून पाहतात अन् म्हणतात, "अय्या, खरंच हो." डांबरी सडक आपल्या गावाले वळसा घालून गेली म्हणून हे सारं राहिलं, असं मी त्यांले सांगत आले. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तू जाईपर्यंत मी कोणाले सांगितलं नाही.

तेच सांगायले बसले आहे, पण आधी दुसरं आठवून राह्यलं. सासूबाई दुपारच्या लवंडल्या की आपण दोघी जिन्यानं धाब्यावर जायचो. नाव कुरड्यांच्या राखणीचं. कुरड्या कावळ्यांनी खाल्ल्या तरी आपल्याले पत्ता नसायचा. तू शाळेतून आणलेली पाटी माझ्या मांडीवर ठेवायचीस.

"वैनी, ठ काढ."

"मले नाही येत वं."

"येत कसं नाही? पोळी गोल लाटतेस न? तिले वरून शेपूट लाव. झाला ठ."

अशी मी शिकले. पोळीचा ठ, विळ्याचा र, उखळ-मुसळाचं काहीतरी होतं, ते आता आठवत नाही. पुढचं मग किराण्याच्या पुड्या वाचून वाचून माझं मीच जमवलं. पण पहिलं अक्षर तुझं. तू दहा वर्षांची मास्तरीण अन् मी डोक्यावर पदर घेतलेली पंधरा वर्षांची विद्यार्थिनी. चुकलं की तू माझ्या हातावर पट्टी मारायचीस अन् मग तूच रडायचीस.

आता ते उरलेलं अर्धं.

तुझा दादा गेला, त्याचं वर्षश्राद्ध झालं, अन् गजू म्हणाला, "आई, हे पाडून स्लॅबचं बांधू." मले आवडलं. खोटं काऊन बोलू? मले या घराचा वीट आला होता. दर उन्हाळ्यात छतावर पांढरी माती चढवा, तिच्यात कुटाराचा भुसा कालवा, पायानं तुडवा. पावसात कुठं गळलं की खाली भगोणी मांडा. शेजारच्या गावात माझ्या बहिणीच्या घरी गुळगुळीत फरशी, भिंतीले निळा रंग. माझ्या भिंतीतून विंचू निघायचे. पण घराच्या उताऱ्यावर सासऱ्यांच्या मागं तुझंही नाव लागलं होतं, म्हणून तुझी सही पाहिजे होती. गजू तुले गाडीवर घेऊन आला. मी भरली वांगी केली होती. कागद पाटावर ठेवला होता, पेनही.

तू कागद दोनदा वाचलास. मग म्हणालीस, "हक्क सोडते, वैनी. मले इथलं काही नको. पण धाबं पाडायचं नाही, एवढं याच्यात लिहून दे."

"मग सही कायले पाहिजे? पाडायसाठीच तर पाहिजे."

"मग नाही देत."

"तुले काय जाते वं बोलायले? तू राहतेस काय इथं? दर साली वर माती कोण चढवते?"

"मी येते न माती चढवायले. सांगून तर पाहा."

तेव्हा मी ते बोलले. तुले आठवत असेल, मलेही आठवते. मी म्हटलं, "तुले हिस्सा पाहिजे असन तर तसं तोंडानं सांग. धाब्याचं निमित्त कायले?"

तू पेन उचललंस. पेनाले टोपण लावलं, पाटावर कागदाच्या बाजूले सरळ ठेवलं, उठलीस. गजू म्हणाला, "आत्या, जेवून तर जा." तू त्याच्या गालावरून हात फिरवलास अन् वेशीपर्यंत पायी गेलीस. वांगी तशीच राहिली. मले वाटलं, जाईल अन् येईल. रुसायची तुझी सवयच होती. लहानपणी बारवेच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसायचीस अन् मी आणायले आले की आधी तोंड फिरवायचीस, मग हात धरायचीस.

पण लग्न झालेली लेक बारवेवर बसत नाही. तिले आणायले मुराळी धाडावा लागते. आपल्याकडे लेक न बोलावता आपल्या पायानं माहेरी येत नाही, भाऊ जाते, भाचा जाते, कोणी नसलं तर गडी जाते, पण कोणी तरी तिच्या दारी उभं राहून म्हणते, "चल, तुले बोलावलं." तुझा भाऊ राहिला नव्हता. धाडायची मी होते. दिवाळी आली, गजूनं विचारलं, "आत्याले आणू?" मी म्हटलं, "तिले यायचं असन तर रस्ता माहीत आहे." तुले रस्ता माहीत होता, वच्छे. पण त्या रस्त्यानं मुराळ्याशिवाय पाऊल टाकायचं नसते, हे मलेही माहीत होतं. मी जाणून-बुजून तसं म्हटलं. अशा सात दिवाळ्या.

सही नाही म्हणून घर उभं राहिलं. मी तुले शिव्या देत देत वर माती चढवली. अन् मग हळूहळू वारं फिरलं. सरोवर पाहून चाललेले लोक एकदा वाट चुकून आत आले, फोटो काढले, मग आणखी आले. ग्रामसभा झाली. ठरलं की गल्लीवर सिमेंट नाही, जुनं दर्शनी काही पाडायचं नाही, ज्याले नवं बांधायचं त्यानं मागच्या अंगाले बांधावं. सरपंच माझ्या ओट्यावर बसून चहा पीत म्हणाला, "काकू, तुमचं घर बरोबर मधात. हे गेलं असतं न, तर गल्लीचे दात पडले असते. मग कोण येते पाहायले?" मी मान हलवली. माझ्या तोंडावर आलं होतं, हे वच्छीमुळं आहे. तोंडावर आलं अन् चहासंगं गिळलं.

मागच्या थंडीत तू आलीस.

दोन क्रुझर गाड्या वेशीपाशी थांबल्या. देऊळगाव राजाच्या, तुझ्या कॉलनीतल्या बाया, लोणारले निघालेल्या. पंधरा-सोळा जणी गल्लीतून बोलत-हसत वर आल्या. मी ओट्यावर उभी राहून सुरू केलं, हे धाबं, खाली लाकडी सरे, त्यावर काड्या. अन् सगळ्यात मागं तू. राखाडी शाल, चष्मा नवा, केस पांढरे. मी "त्यावर पानं" म्हणाले अन् थांबले. तू माझ्याकडे पाहत होतीस, अगदी पाठ घेणाऱ्या मास्तरणीसारखी. मी पुढं म्हटलं, "अन् सगळ्यात वर माती."

मी एक पाऊल खाली उतरले असते तर झालं होतं. ओट्याले तीन पायऱ्या आहेत.

तुझ्या बाजूची एक बाई म्हणाली, "काकू, तुमचं माहेर इकडलंच न?"

तू म्हणालीस, "हाव. याच बाजूचं."

मले वाटलं, आता वच्छी सांगन. अन् तुले वाटलं असेल, आता वैनी सांगन. आपण दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तेवढ्यात एका पोरसवदा बाईनं विचारलं, "आजी, सगळीकडे स्लॅब झाले, तुम्हीच कसं काय टिकवलं हे?"

अन् मी काय म्हटलं? तू ऐकलंस. मी म्हटलं, "आम्हाले पहिल्यापासून जुन्याची हौस."

वच्छे, तुझ्या तोंडावर राग नाही आला. तू हसलीस. बारीक, ओठातल्या ओठात. तो राग असता तर मले एवढं बोचलं नसतं. मग तू वर पाहिलंस, जिन्याकडे, अन् परक्या बाईनं विचारावं तसं विचारलंस, "बाई, धाब्यावर जाता येते काय?"

ते विचारणं होतं की हात पुढं करणं होतं, हे मले आता कळते. तेव्हा मले वाटलं, ही मले टोमणा मारून राह्यली, चारचौघींत खिजवून राह्यली. मी म्हटलं, "नाही. वर पाव्हण्यांले नेत नाही."

पाव्हण्यांले. या घरात जन्मलेल्या लेकीले.

मग चहा झाला. सगळ्यांले कागदी कपात दिला, तुलेही कागदी कपात. माझी सून आतून ट्रे घेऊन आली, तिनं तुले ओळखलं. ती माझ्याकडे पाहून डोळ्यांनी विचारत होती, आत नेऊ काय, ओटी भरू काय? मी विधवा, मले ओटी भरता येत नाही, हे खरं. पण सून होती न सवाष्ण. खण होता, नारळ होता, तांदूळ होते. लेक माहेरातून रिकाम्या ओटीनं जात नाही. मी सुनेले म्हटलं, "साखर घेऊन ये आणखी." बिचारी साखर घेऊन आली.

जाताना तू वाकून उंबऱ्याले हात लावलास अन् कपाळाले नेलास. तुझी ती मैत्रीण म्हणाली, "अहो काकू, देऊळ थोडंच आहे हे." तू म्हणालीस, "सवय आहे वं." अन् गल्लीतून उतरत गेलीस. मी कप गोळा करत राहिले.

सांजच्याले गजू आला, सुनेनं त्याले सांगितलं. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, "आई, उद्या गाडी काढतो. तू चल. आपण दोघं जाऊन आणू तिले." मी म्हटलं, "संक्रांत होऊ दे." संक्रांत झाली. मग म्हटलं, हुरडा संपू दे, शेतात गडबड आहे. मग शिवरात्र. मग म्हटलं, एकदा धाब्यावर नवी माती चढू दे, म्हणजे तिले दाखवायले चांगलं वाटन. खरं सांगू? मले भेव वाटत होतं. तुझ्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, तेच मले सुचत नव्हतं. वाक्य शोधता शोधता मीनाचा फोन आला. अन् आता मले वाक्य शंभर सुचतात.

तेरवीच्या दिवशी मी मीनाले बाजूले घेतलं. म्हटलं, "लोणारवरून आली तेव्हा आई काय म्हणाली वं? खरं सांग. माझ्याबद्दल बोलली असन."

"बोलली न. म्हणे चहा निव्वळ पाणचट होता. वैनीले अजूनही चहा येत नाही."

"आणखी?"

"म्हणे धाबं मात्र फार नीट ठेवलं. दादा असता तर खूश झाला असता. अन् म्हणे, गल्लीकडच्या कोपऱ्यातलं पन्हाळ चिरलं आहे, पाऊस लागायच्या आत बदला, नाही तर पाणी भिंतीत उतरन. मले म्हणे, मामीले फोन करून सांग." मीना तोंड पुसत म्हणाली, "मी विसरले, मामी."

"अन् ते, वर नेलं नाही ते?"

"ते काय?" मीना म्हणाली. तू तिले सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन मी पन्हाळाखाली जाऊन उभी राहिले. लाकडी पन्हाळ, बुडाले बोटभर चीर. रोज त्याच्याखालून जाते मी अन् मले दिसली नव्हती. तुले गल्लीतून, बायांच्या गर्दीतून, त्या नव्या चष्म्यातून दिसली. मी तुले ओट्यावरून भाषण देत होते अन् तू माझं घर तपासत होतीस, कुठं गळन, वैनीले कुठं त्रास होईन. गजूनं परवा नवं पन्हाळ बसवलं. अन् यंदा माती ओढ्याची नाही, गढीची आणली आहे. आपलं भांडण कधी मिटलं नाही, मी ओढ्याची म्हणायची अन् तू गढीची. ओढ्याची स्वस्त पडते, पण तडकते. तू बरोबर होतीस, हे घे, लिहून दिलं.

आता शहरातले लोक आले की मी नवीन सांगते. गेल्या रविवारी एका माणसानं तोच प्रश्न विचारला, कसं टिकवलं. मी म्हटलं, "मी पाडायले निघाले होते. माझ्या नणंदेनं सही दिली नाही. तिचं नाव वत्सला. तिच्यामुळं उभं आहे." त्यानं वहीत लिहून घेतलं. बाजूले उभी असलेली माझी सून रडायले लागली. मी तिले म्हटलं, चहा ठेव, अन् पाणचट नको.

पण तुझ्या तोंडावर सांगायचं ते लोकांच्या तोंडावर सांगून काय उपयोग वं?

अखजी जवळ आली. अक्षय्यतृतीयेले आपल्याकडे पितरांची घागर भरतात, थंड पाण्याची, वर खरबूज ठेवून, अन् गेलेली माणसं ते पाणी प्यायले घरी येतात. अन् त्याच दिवशी सासरच्या लेकीही माहेरी येतात. यंदा तू दोन्ही झालीस. गल्लीतल्या बाया म्हणतात, दिलेल्या लेकीची घागर तिच्या सासरी भरतात, माहेरी भरायची रीत नाही. म्हणू दे. जावईबापू तिकडं भरतील, त्यांची भरू दे. इथली मी भरणार. कुंभाराले नवी घागर सांगून आले, सुनेनं खण काढून ठेवला आहे.

मुराळी कुठं धाडायचा ते मले माहीत नाही. त्या रस्त्यानं कोणाले धाडता येत नाही. म्हणून हे कागदावर बोलावणं समज, अन् माझ्या हातचं आहे, अक्षर ओळखशीलच. कोणी आणायले येईल याची वाट पाहू नको. मागं उभी राहू नको. दाराशी विचारू नको. अखजीच्या सकाळी, उन्हं चढायच्या आत, लवकर ये, वच्छे. सरळ आत ये.